जनमताचा कौल

लोकशाहीत सत्ता लोकांची असते. परंतु लोक ती बहुधा आपल्या प्रतिनिधींच्या हातून चालवितात. क्वचित मात्र असा एखादा प्रश्न उभा राहतो, की त्याचे उत्तर प्रत्येक नागरिकालाच विचारावे, असे शासनाला वाटते. अशा वेळी तो एकच प्रश्न सर्व मतदारांपुढे ठेवून जो निकाल घेतात, त्याला सार्वमत किंवा जनमत कौल म्हणतात. देवळात गाऱ्हाणे घालून देवाला कौल लावण्याची रीत कोकणात व गोव्यात जुनी आहे. तेथे कौल देवता देते. येथे तो जनता देते. देवतेचा कौल भाविक निमूटपणे शिरोधार्य मानतो. पण जनतेचा कौल नेहमी समाजाच्या हिताचाच असतो काय?

या प्रश्नाचा विचार करताना गोव्याची हकीकत फार उद्बोधक ठरते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगिजांच्या सत्तेतून मुक्त झाला आणि पुढे दमण व दीव यांच्यासह केंद्रशासित प्रदेश बनला. लवकरच एक मोठा वाद सुरू झाला. गोव्याने शेजारच्या महाराष्ट्रात विलीन व्हावे, की आपले अस्तित्व वेगळे राखावे? दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा होता. मराठीशी गोमंतकीयांचे नाते शतकानुशतकांचे आहे, असे या बाजूचे म्हणणे होते. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचा विलीनीकरणास विरोध होता. कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे आणि मोठ्या राज्यात लहानशा गोव्याचे वैशिष्ट्य लोपून जाईल, अशी त्या बाजूची धास्ती होती.

१९६३ च्या निवडणुकीत बांदोडकरांचा पक्ष विजयी झाला होता. त्यामुळे विलीनीकरणाला लोकांची संमती मिळालीच आहे, असे तो पक्ष म्हणे. त्यावर विरोधकांचे उत्तर असे, की निवडणुकीत मतदार अनेक गोष्टी पाहून मत देतो. त्या मताचा अर्थ एकाच प्रश्नापुरता लावणे योग्य नव्हे. अखेर १९६६ मध्ये संसदेने कायदा केला आणि गोव्याच्या जनतेलाच विचारावयाचे ठरले. कौल निःपक्षपातीपणे घेतला जावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने त्यापूर्वी राजीनामा दिला. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने, अशी चिन्हे ठरली. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही आपले मत निःशंकपणे देता आले. दोन्ही बाजूंनी अटीतटीचा प्रचार झाला. विलीनीकरणाला विरोध करणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिकही मराठीतच निघत असे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. दोन पानांना १,७२,१९१ मते मिळाली, तर फुलाला १,३८,१७०. गोवा वेगळा राहिला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले! लोकांना बांदोडकर हवे होते. विलीनीकरण नको होते. निवडणुकीत एकमेकांत मिसळून गेलेल्या या दोन गोष्टी कौलामुळेच निरनिराळ्या झाल्या. ज्या प्रश्नावर मने दुभंगली होती, त्याचा निकाल मतपेटीतून लागला आणि पराभूत बाजूने तो मान्य केला, हे या कौलाचे मोठे यश होय.

तथापि कौलालाही मर्यादा असतात. जेवढे विचारावे तेवढ्याचेच उत्तर तो देतो. गोव्याचे स्वतंत्र राज्य व्हावे, अशी इच्छा बाळगणाऱ्या मतदाराला त्या दिवशी तिसरे चिन्ह नव्हते. ते राज्य पुढे ३० मे १९८७ रोजी अस्तित्वात आले. प्रश्न मोघम असला तर त्याचे उत्तरही मोघमच मिळते. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधील मतदारांनी शेकडा सुमारे ५२ विरुद्ध ४८ अशा मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. परंतु बाहेर पडावयाचे ते कोणत्या अटींवर, हे कोणी विचारलेच नव्हते. त्यावर वादंग माजले आणि प्रत्यक्ष बाहेर पडण्यास ३१ जानेवारी २०२० हा दिवस उजाडावा लागला.

याहूनही गंभीर मर्यादा स्वित्झर्लंडच्या इतिहासात आढळते. सार्वमताची परंपरा त्या देशाइतकी क्वचितच कोठे रुजली असेल. तेथे संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध शंभर दिवसांत पन्नास हजार नागरिकांनी सह्या केल्या, तर तो कायदा मतास टाकावाच लागतो. असे असूनही १ फेब्रुवारी १९५९ रोजी, स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार द्यावा काय, या प्रश्नावर तेथील मतदारांनी सुमारे दोन-तृतीयांश बहुमताने नकार दिला. हे सारे मतदार पुरुष होते. ज्यांच्या हक्काचा प्रश्न होता, त्यांना त्यावर मतच नव्हते. पुढे ७ फेब्रुवारी १९७१ रोजी तो हक्क मान्य झाला. तरीही एका लहानशा प्रांतातील पुरुष आपल्या प्रांताच्या कारभारापुरते १९९० पर्यंत नकारच देत राहिले; शेवटी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला निर्णय देऊन स्त्रियांना न्याय द्यावा लागला.

यावरून असे दिसते, की बहुमताने निर्णय होतो. परंतु तेवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. प्रश्न स्पष्ट असावा, दोन्ही बाजू लोकांना पुरेशा ऐकावयास मिळाव्यात, शासनाने तराजूला हात लावू नये आणि मूठभरांचा मूलभूत हक्क पुष्कळांच्या मर्जीवर सोपवू नये. या अटी पाळल्या जातात, तेथेच कौल समाजाच्या कामी येतो. आणखी एक अट विजयी झालेल्यांसाठी आहे. गोव्यात १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, तेव्हा त्याच कायद्याने मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद केली. कौल ज्यांच्या विरुद्ध गेला, त्यांनाही त्याच घरात मानाने राहावयाचे असते, याचे विस्मरण होऊ नये.