नक्षी शाबूत, टायर म्हातारा

कॅनडातल्या विनिपेग शहरात १९६८ साली ‘बोलर’ नावाचा छोटा कॅम्पर तयार होऊ लागला. फायबरग्लासची दोन कवचे जोडून केलेली ही गोलसर खोली साध्या मोटारीच्या मागे लावून कुठेही नेता येई. पुढे अमेरिकेत मिनेसोटातल्या बॅकस गावी ‘स्कॅम्प’ आणि टेक्ससमध्ये ‘कसिटा’ ही त्याच घराण्यातली भावंडे निघाली. फायबरग्लासला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही. त्यामुळे सत्तरच्या दशकातले कॅम्पर आजही तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे धडधाकट आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना राष्ट्रीय उद्यानांची ओढ आहे, त्यांच्यातही काहींच्या दारात असा कॅम्पर उभा असतो.

जुना कॅम्पर घेताना माणूस वाकून टायर पाहतो. नक्षी खोल असते, कडा धारदार असतात, झीज कुठेच नसते. ‘टायर अगदी नव्यासारखे आहेत’ असे म्हणत व्यवहार ठरतो. मला या वाक्याची भीती वाटते. मोटारीच्या बाबतीत टायर गोटा झाला की बदलायचा, हा आपला हिशेब आहे आणि तो बऱ्यापैकी बरोबरही आहे. पण कॅम्पर वर्षाला दोन-तीन हजार मैल फिरला तरी पुष्कळ. उरलेला काळ तो उन्हात आणि थंडीत एकाच जागी उभा असतो. त्याचा टायर झिजून संपत नाही. तो वयाने संपतो, उष्णतेने संपतो, न पेलणाऱ्या वजनाने संपतो. यातले काहीही नक्षीवर दिसत नाही.

रबर म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक घालून ते तापवले, तेव्हा या साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या गेल्या आणि टिकाऊ, लवचीक रबर मिळाले. पण साखळ्यांमध्ये कार्बनचे दुहेरी बंध शिल्लक राहतात आणि रबराचे मर्म तेच आहे. हवेतला ओझोन अगदी अल्प प्रमाणात असला तरी ताणलेल्या रबरातले हे बंध तोडतो. जुन्या कागदांच्या गठ्ठ्याला लावलेले रबरबँड काही वर्षांनी हात लावताच तुकडे होऊन पडते. उभ्या ट्रेलरच्या टायरची बाजूची भिंत वजनाने फुगून महिनोन्महिने अशीच ताणलेली असते. तिच्यावर केसाएवढ्या बारीक भेगा उमटतात, त्या याच कारणाने.

हे टाळण्यासाठी टायरच्या मिश्रणात मेण आणि ‘सिक्स-पीपीडी’ नावाचे रसायन घालतात. दोन्ही हळूहळू पृष्ठभागावर येऊन ओझोनला अडवतात. चाक फिरते, रबर वाकते-सरळ होते, तसा हा साठा बाहेर येत राहतो. उभ्या टायरमध्ये ही हालचाल नसते. वर आलेला थर कोणी पेट्रोलियमयुक्त ‘टायर शाइन’ने पुसून काढला, तर उरलेले संरक्षणही जाते. याच सिक्स-पीपीडीची ओझोनशी क्रिया होऊन तयार होणारा पदार्थ रस्त्यावरून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जातो आणि वॉशिंग्टन राज्यातल्या कोहो सॅमन माशांचा जीव घेतो, हे २०२० मध्ये उघड झाले. टायरला वाचवणाऱ्या रसायनाला सुरक्षित पर्याय शोधण्याचे काम तेव्हापासून नेटाने सुरू आहे आणि ते लवकर तडीस जावे, असे मला मनापासून वाटते.

बाहेरच्या भेगा निदान दिसतात. जास्त घातक प्रक्रिया आत चालते. ५० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ५० पौंड दाबाने हवा भरलेल्या टायरच्या आत एकूण दाब वातावरणाच्या सुमारे ४.४ पट असतो, म्हणजे ऑक्सिजनचा दाबही बाहेरच्या ४.४ पट. सर्वांत आतल्या अस्तरातून झिरपत हा ऑक्सिजन रबराच्या थरांत शिरतो. नक्षीखाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात. त्या पट्ट्यांच्या कडांशी असलेले रबर ऑक्सिजनमुळे कडक होते, ताण सोसण्याची त्याची ताकद कमी होते आणि तिथे चीर पडते. चीर पट्ट्यांच्या मधून पसरत जाते आणि एके दिवशी भर वेगात नक्षीचा अख्खा पट्टा सुटून येतो. सुटलेला पट्टा चाकाबरोबर गरगरत कॅम्परची तळफळी फोडतो, गॅसची नळी किंवा विजेच्या तारा तोडतो. पंक्चरपेक्षा हा प्रकार फार वेगळा आहे.

ही सगळी रासायनिक प्रक्रिया उष्णतेने वेग घेते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने टायरच्या वयाचा अभ्यास करण्यासाठी वाळवंटातल्या फिनिक्स शहरातल्या मोटारींचे टायर निवडले, ते यासाठीच. याच प्रशासनाने एका मोठ्या विमा कंपनीची आकडेवारी दिली होती. त्या कंपनीचे २७ टक्के ग्राहक टेक्सस, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांतले होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथून आले होते. त्यांतले ८४ टक्के टायर सहा वर्षांपेक्षा जुने होते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे ज्यांची गाडी उघड्यावर उभी असते, त्यांनीही हे आकडे मनावर घ्यावेत.

म्हणून टायर निवडताना सर्वांत आधी जन्मतारीख पाहावी. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच अंक असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. पूर्ण ओळ अनेकदा एकाच बाजूला छापलेली असते आणि ती बाजू नेमकी आत, ट्रेलरच्या पोटाकडे असू शकते. तेव्हा टॉर्च घेऊन खाली शिरावे. नवा टायर मागवतानाही दुकानदाराला हे चार अंक आधी विचारावेत. गोदामात दोन-तीन वर्षे पडलेला टायर ‘नवा’ म्हणून पूर्ण किमतीला घेण्याचे काही कारण नाही.

किती वर्षांनी बदलावा? ब्रिटनमध्ये कॅरव्हानच्या मालकांना पाच वर्षांनी बदला, सातच्या पुढे नेऊ नका, असा सल्ला दिला जातो. त्याच देशात २०१२ साली एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तिघांचा जीव गेला. टायर १९ वर्षांहून जुना होता आणि तो वापरणे तेव्हाच्या कायद्यात बसत होते. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरायला बंदी आली. कॅम्परसाठी मी सहा वर्षांची रेषा मानतो. उष्ण राज्यात राहणाऱ्याने पाचची मानावी.

तारखेनंतर वजन. अमेरिकेत ट्रेलरसाठी ‘एसटी’ हा टायरचा वेगळाच वर्ग आहे. ‘एसटी १७५/८० आर १३’ याचा अर्थ ट्रेलरचा टायर, रुंदी १७५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रेडियल बांधणी, १३ इंची रिम. हा टायर ‘सी’ भारश्रेणीत ५० पीएसआयला १,३६० पौंड, म्हणजे सुमारे ६१५ किलो उचलतो. ‘डी’ श्रेणीत ६५ पीएसआयला १,६१० पौंड, म्हणजे ७३० किलो. मोटारीचा टायर ट्रेलरला लावायचा झाला, तर अमेरिकी नियमानुसार त्याच्या भारक्षमतेला १.१ ने भागावे लागते. लहान कॅम्परच्या १३ इंची चाकासाठी माझी पसंती म्हणूनच एसटी.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. वजन मुख्यतः टायर उचलत नाही, त्यातली हवा उचलते. एका चाकावर १,०५० पौंड भार असेल आणि हवा ५० पीएसआय असेल, तर टायरला जमिनीवर सुमारे २१ चौरस इंच टेकावे लागते. हवा २५ वर आली की तेवढाच भार पेलायला साधारण दुप्पट जागा लागते, म्हणजेच टायर तितका जास्त दबतो. या चाकाचा परीघ दोन मीटरहून थोडा कमी आहे, म्हणून ताशी १०५ किलोमीटर वेगात ते सेकंदाला सुमारे १५ वेळा फिरते. प्रत्येक फेरीत भिंत एकदा दबते आणि एकदा सरळ होते. रबर दाबायला लागलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णता म्हणून आतच राहतो. कमी हवा म्हणजे जास्त वाकणे, जास्त वाकणे म्हणजे जास्त उष्णता, आणि ती साठते नेमकी पट्ट्यांच्या कडांशी, जिथे वयाने रबर आधीच कमकुवत झालेले असते.

कॅम्परचे खरे वजन कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. त्यात रिकाम्या कॅम्परचा आकडा असतो. नंतर बॅटरी, गॅसची टाकी, छत्री, भांडीकुंडी, सायकली चढतात. १२ गॅलनची पाण्याची टाकी भरली की १०० पौंड वाढले. अमेरिकेतल्या महामार्गांवर ट्रकचालकांच्या थांब्यांवर ‘कॅट स्केल’चे मोठे वजनकाटे असतात. प्रवासाच्या सगळ्या सामानासह तिथे एकदा जावे. समजा, कॅम्पर २,४०० पौंडांचा निघाला आणि त्यातले ३०० मोटारीच्या हुकवर आले. आसावर राहिले २,१००. दोन चाकांत समान वाटले तर १,०५०, पण समान वाटणी गृहीत धरू नये. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज आणि टाकी एकाच बाजूला असेल तर एका चाकावर १,२०० येतील. सी श्रेणीच्या १,३६० पैकी ८८ टक्के क्षमता इथेच संपली. अशा वेळी मी डी श्रेणी घेईन. मात्र रिम आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह ६५ पीएसआयचे आहेत ना, हे आधी तपासले पाहिजे. रिमची क्षमता तिच्यावरच कोरलेली असते.

हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी. २० अंशांना ५० पीएसआय भरलेला टायर धावून ५० अंशांपर्यंत तापला की काटा ५६-५७ दाखवतो. ते पाहून हवा काढणे ही घातक चूक आहे, कारण टायर निवला की हवा गरजेपेक्षा कमी उरते. कोलोरॅडोच्या डोंगरात चढतानाही काटा वर सरकतो, कारण बाहेरचा दाब घटतो. दर महिन्याला एक-दोन पीएसआय हवा रबरातून आपोआप झिरपून जाते, म्हणजे हिवाळाभर उभा राहिलेला कॅम्पर वसंतात कमी हवेवरच जागा होतो. नायट्रोजन भरल्याने आतला ऑक्सिजन कमी होतो हे खरे, पण दर सहलीच्या सकाळी दाब मोजण्याचे मोल त्याहून कितीतरी जास्त आहे.

वेगाकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. टायरवर वेगाचे अक्षर नसेल, तर एसटी टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच, म्हणजे १०५ किलोमीटरपर्यंतच चालवायचा असतो. ‘एल’ अक्षर १२० किलोमीटरला, ‘एम’ १३० ला. टेक्ससमध्ये काही रस्त्यांवर वेगमर्यादाच याहून जास्त आहे आणि पुढची मोटार तो वेग सहज गाठते. मागच्या टायरचे काय होत आहे, हे चालकाला स्टिअरिंगवर जाणवत नाही. समृद्धी महामार्गावर आरटीओने २०२३ मध्ये गाड्यांचे टायर तपासून खराब टायरवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली, त्यामागेही लांब, सरळ रस्ता आणि सलग वेग यांचीच चिंता होती.

कॅम्परवाल्यांमध्ये ‘चायना बॉम्ब’ हा शब्द रुळला आहे. चीनमधून आलेला स्वस्त टायर फुटणारच, असा त्याचा अर्थ. मला हे निदान अपुरे वाटते. जास्त वजन, कमी हवा आणि जास्त वय एकत्र आले की कुठल्याही देशातला टायर फुटतो. पण एक त्रुटी मात्र खरी आहे. फायरस्टोन टायरची नक्षी सुटून झालेल्या अपघातांच्या २००० सालच्या प्रकरणानंतर अमेरिकेने हलक्या वाहनांच्या टायरसाठी कडक चाचण्या आणल्या. त्यांत कमी हवेवर धावण्याची चाचणीही आहे. एसटी टायर त्या मानकातून वगळलेले आहेत. ज्या टायरला सर्वाधिक वेळा कमी हवेवर धावावे लागते, तोच या चाचणीतून सुटावा, हे मला अजिबात पटत नाही. ही सूट रद्द व्हायला हवी. तोवर चांगला निर्माता आणि वरची भारश्रेणी यांवर थोडे जास्त पैसे खर्च करणे शहाणपणाचे आहे.

नवे टायर बसवून झाले की स्टेपनीची तारीख पाहावी. कॅम्परच्या पाठीमागे लटकलेली ती एकदाही रस्त्याला लागलेली नसते, पण ऊन आणि ओझोन तिलाही तितकेच लागलेले असते. एकाच आसाच्या कॅम्परला दोनच चाके. त्यांतले एक गेले की त्याचा सगळा भार थेट या स्टेपनीवर येतो. दोन टायर बदलायचे ठरवले असेल, तर बिलात तिसराही धरावा.