प्रवाळाचे घर आणि पाण्याची चाल

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे विज्ञानाचे गुरुजी १९६२-६३ च्या सुमारास वडोद्याच्या या शाळेत एक साधा प्रयोग करून दाखवीत. पेल्यातले पाणी अगदी स्थिर झाले की ते त्यात निळ्या शाईचा एक थेंब सोडीत. थेंब धाग्यासारखा खाली उतरे, तळाशी जाऊन बसे आणि बराच वेळ वरचे पाणी स्वच्छच राही. दुसऱ्या पेल्यात चमचा एकदा फिरवला की सारे पाणी क्षणात निळे होई. "पाणी हलले नाही, तर पाण्यातले काही कोठे पोहोचत नाही," एवढेच ते म्हणत. पुढे मी मराठीचा अध्यापक झालो आणि पस्तीसएक वर्षे 'प्रवाह' हा शब्द साहित्यातील प्रवाह या एकाच अर्थाने वापरीत राहिलो. त्याचा मूळ अर्थ मला पुन्हा भेटला तो निवृत्तीनंतर, २०१२ साली, न्यू जर्सीत मुलीच्या घरी.

जावईबापूंनी दिवाणखान्यात चार फूट लांबीची, सुमारे २८० लिटरची काचेची टाकी मांडली होती. तीत खारे पाणी, खडक, पाचसात मासे आणि जिवंत प्रवाळ. तिकडे टाकीतच वाढविलेल्या प्रवाळांचे तुकडे विकत मिळतात. आपल्याकडे मात्र हा छंद कोणी करू जाऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून कठीण प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिलेले आहे.

ज्याला आपण पोवळे म्हणतो तो अशाच सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा. मासा अन्नाकडे जातो; प्रवाळ जागचा हलत नाही, म्हणून अन्न आणि प्राणवायू त्याच्यापर्यंत यावे लागतात आणि त्याने टाकलेले मल वाहून जावे लागते. त्यात एक अडचण असते. कोणत्याही पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर राहतो. लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये मांडलेला सीमास्तर तो हाच. बाहेरचे पाणी संथ असेल तितका हा थर जाड. प्रवाळाच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवले दिवसा प्रकाशावर अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. तो बाहेर पडू शकला नाही, तर तोच त्या क्रियेला बाधक ठरतो. ताली मास व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. रात्री उलट स्थिती, प्राणवायूचीच टंचाई. गुरुजींचा पेला मला येथे आठवला.

जावईबापूंना हे सारे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी एक जोरकस पंप आणून तो नेमका सर्वांत सुंदर प्रवाळावर रोखला होता. मी गेलो तेव्हा पंपाकडील बाजूचे मांस निघून पांढरा सांगाडा उघडा पडला होता. त्याच वेळी खडकांच्या मागे तांबडा बुळबुळीत थर पसरत होता. सायनोबॅक्टेरियांचा हा थर पाणी मंद आणि तळाशी साका साचलेला असला की हटकून दिसतो. एकाच टाकीत एकीकडे पुराचा लोंढा आणि दुसरीकडे डबके! पंपावर लिहिलेला आकडा खोटा नव्हता, पण पाणी सर्वत्र पोहोचत नव्हते.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला वेळ आहे, तुम्हीच बघत बसा." मी बसलो. माशांच्या अन्नाचे बारीक कण टाकून ते कोठे धावतात, कोठे घुटमळतात, कोठे खाली बसतात याची नोंद केली. तीवरून आम्ही मागच्या काचेला टेकलेले खडक चार बोटे पुढे घेतले, म्हणजे मागूनही पाणी खेळेल. एका पंपाऐवजी रुंद, पसरट झोत देणारे दोन पंप समोरासमोरच्या बाजूंना, पृष्ठभागापासून थोडे खाली लावले. दोन्ही झोत मध्यावर एकमेकांवर आदळून फुटत. त्यामुळे थेट मार कोणालाच बसत नसे. आळीपाळीने त्यांचा जोर कमीजास्त होईल अशी योजनाही केली, कारण खडकावरच्या समुद्रात पाणी येते तसे परतते. एकाच दिशेने सतत वाहणे हे नदीचे लक्षण. पृष्ठभाग सतत लहरत ठेवला, कारण वायूंची देवघेव तेथेच होते.

छांदिष्टांचा ढोबळ हिशेब असा की ताशी फिरणारे पाणी टाकीच्या २० ते ४० पट असावे; आमच्या टाकीला ताशी ५,६०० ते ११,२०० लिटर. मऊ प्रवाळांना याहून कमी चालते, ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांना जास्त लागते. मला या हिशेबापेक्षा प्रवाळाचे वागणे अधिक विश्वासार्ह वाटले. मांसल प्रवाळांची टोके हलके डोलली तर ठीक. एकाच बाजूला कलून राहिली किंवा आत ओढून घेतली गेली, तर पंप वळवावा. वाळूत खड्डा पडत असेल तरीही वळवावा.

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आले आणि आमची वीज गेली. ती चार दिवस आली नाही. पंप थांबताच टाकी निःशब्द झाली. दोन तासांत मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. घरात बॅटरीवर चालणारा हवेचा एक छोटा पंप होता. तो बुडबुडे सोडी, पण टाकीच्या एकाच कोपऱ्यात. मग आम्ही पाळ्या लावल्या. कंदिलाच्या उजेडात जगभर पाणी काढायचे आणि वीतभर उंचीवरून परत ओतायचे, दर वेळी निराळ्या कोपऱ्यात. टाकीला रजया गुंडाळल्या. माझी पाळी पहाटे दोन ते चार. अन्न मुळीच घातले नाही, कारण न खाल्लेले अन्न कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते. मऊ प्रवाळ आणि दोन मासे सोडून बाकीचे सारे मासे वाचले. फांद्यांचे दोन प्रवाळ मात्र पांढरे पडले. त्यांतला एक तोच, पंपाने सोललेला, नुकता भरून येऊ लागलेला.

पुढच्याच महिन्यात जावईबापूंनी वीज जाताच आपोआप सुरू होणारी बॅटरी एका पंपाला जोडून घेतली. पंपांवर चुन्याची पुटे चढतात आणि झोत नकळत मंदावतो, म्हणून ते दर तीन महिन्यांनी पंप पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून धुतात. प्रवाळ वाढले की त्यांच्या फांद्याच पाण्याची वाट अडवितात, तेव्हा मुलगी फोनवर सांगते, "बाबा, पुन्हा कण टाकून पाहिले, उजवीकडचा कोपरा बसला आहे." मग पंप किती अंशांनी वळवावा यावर आमची चर्चा होते.