शेण, ओकारी आणि चार ओळी

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांपैकी बीभत्स हा रस मुलांच्या पुस्तकांपासून शक्यतो दूर ठेवला जातो, आणि मुले मात्र तो नेमका हुडकून काढतात. जुगुप्सा, म्हणजे किळस, हा या रसाचा स्थायिभाव. बीभत्सापासून भयानक रस उत्पन्न होतो, अशी भरतांची मांडणी आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र हा क्रम बदललेला दिसतो, कारण सुरक्षित अंतरावरून ऐकलेली किळसवाणी गोष्ट त्याला आधी हसवते आणि मग, तिच्यामागचे कारण कळले तर, थक्क करते. म्हणजे बीभत्साची वाट येथे हास्यावरून अद्भुताकडे जाते. प्राण्यांविषयीची ओंगळ वाटणारी माहिती छोट्या कवितेतून शिकवण्याचा सारा खटाटोप या वाटेवर अवलंबून आहे, आणि शेवटच्या ओळींत कारण आले नाही तर ती वाट मध्येच खुंटते.

किळस ही उपजत नसून हळूहळू अंगी बाणवली जाते, हे या विषयात ध्यानात घेण्याजोगे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, दोन वर्षांखालील मुले मोठ्यांना शिसारी आणणारे पदार्थही बिनदिक्कत तोंडात घालतात. ‘शी’ म्हणण्याची रीत ती पुढे घरच्यांकडे पाहून उचलतात. गोठ्यात वाढलेल्या मुलाला शेणाचे काहीच वाटत नाही, कारण त्याने सारवण पाहिलेले असते आणि गोवऱ्या थापताना हात भरवून घेतलेले असतात. तेच शेण सदनिकेत वाढलेल्या मुलाला नाक मुरडायला लावते. किळस कोणत्या गोष्टीची यावी हे असे परिसरावर ठरत असल्यामुळे, एकाच कवितेने सगळा वर्ग सारखाच शहारेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

मराठी बालकवितेत प्राण्यांची वाण कधीच नव्हती. बडबडगीतांतल्या चिऊ-काऊपासून विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) या संग्रहापर्यंत त्यांची वर्दळ आहे, आणि चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत तर कावळ्याचे घरच शेणाचे आहे. पण खरा कावळा काय खातो आणि काय टाकतो, हे ती गोष्ट सांगत नाही, आणि सांगावे अशी तिच्याकडून अपेक्षाही नाही. माहिती देणाऱ्या कवितेला वेगळा साचा लागतो. चारोळीचा आटोपशीरपणा आणि अष्टाक्षरीची चाल, म्हणजे ओळीत आठ अक्षरे आणि लघु-गुरूंचे बंधन नाही अशी रचना, ही जोडी त्यासाठी सोयीची आहे, कारण ती दोनदा ऐकताच तोंडात बसते. मासल्यादाखल घुबडावर रचलेल्या पुढील ओळी पाहता येतील :

गव्हाणीचे हे घुबड
गिळे उंदीर सगळा;
मांस पचे, हाडे, केस
यांचा ओकते ते गोळा.

या चार ओळींत एक संपूर्ण शरीरक्रिया आली आहे. गव्हाणी घुबड लहान भक्ष्य न चावता गिळते; मऊ भाग पचतात आणि न पचणारी हाडे व केस पेषणीत, म्हणजे पक्ष्यांच्या जठराच्या स्नायुमय भागात, दाबले जाऊन त्यांचा गोळा बनतो, जो काही तासांनी तोंडावाटे बाहेर पडतो. घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली असे गोळे पडलेले सापडतात. शिक्षकाने तो गोळा आधी नीट तापवून निर्जंतुक केला आणि मुलांच्या हाती मोजे व चिमटा दिला, तर करड्या केसांच्या लगद्यातून अख्खी कवटी निघते. तिच्या जबड्यात पुढे छिन्नीसारखे दात आणि त्यांच्यामागे मोकळी जागा असेल तर तो उंदीर, आणि टोकदार दातांची सलग रांग असेल तर ती चिचुंद्री, हे मुलांना स्वतःच ठरवता येते. एवढे झाल्यावर ‘ओकते’ हा शब्द उच्चारताना कोणी खिदळत नाही.

गिधाडाच्या बाबतीत कारणाची गरज अधिक भासते, कारण त्याची बदनामी आधीच झालेली आहे :

कुजके मढे गिळते
गिधाड ओंगळ फार;
पोटात आम्ल जहाल,
जंतू होती गपगार.

पहिल्या दोन ओळींवर थांबणारी कविता मुलांना आवडेलही, पण ती शिकवते ती केवळ हेटाळणी. पुढच्या दोन ओळींमुळे गिधाड हा सफाई कामगार ठरतो, कारण त्याच्या जठरातील अतितीव्र आम्लात सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतूंचा निभाव लागत नाही.

यमकाच्या नादाने शास्त्र वाकवण्याचा मोह हा या प्रकारातला मोठा धोका होय. ‘मध म्हणजे मधमाशीची ओकारी’ ही ओळ मुलांना हमखास हसवेल, परंतु ती अर्धीच खरी आहे. माशी फुलातला रस ज्या पिशवीत साठवून आणते ती तिच्या पचनाच्या जठरापासून वेगळी असते, दोहोंच्या मध्ये झडप असते, आणि पोळ्यात तो रस एका माशीकडून दुसरीच्या तोंडात जात विकरांच्या, म्हणजे रासायनिक बदल घडवणाऱ्या प्रथिनांच्या, साहाय्याने बदलतो व पंखांच्या वाऱ्याने आटतो. घरमाशीची गोष्ट निराळी. ती घट्ट अन्नावर लाळ आणि पोटातला द्रव खरोखरच ओकते व विरघळलेले अन्न सोंडेने शोषून घेते. म्हणून ओकारीची ओळ घरमाशीला द्यावी आणि मधमाशीसाठी दुसरे यमक शोधावे, हे बरे.

ऑस्ट्रेलियातील वॉम्बॅटची घनाकार लेंडी, जिच्या अभ्यासाला २०१९ चे विनोदी इग नोबेल पारितोषिक मिळाले, किंवा गिळताना डोळे आत ओढून घास घशाखाली ढकलणारा बेडूक, असे विषय कवीला आयतेच मिळतात. त्यांतही शेणकिड्याची सर दुसऱ्या कोणाला नाही. शेणाचा गोळा ढकलत सरळ रेषेत जाणारे काही शेणकिडे रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ओळखतात, हे दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, आणि त्यासाठी त्यांनी काही किड्यांना पुठ्ठ्याच्या इवल्या टोप्या घालून त्यांचे आकाश झाकले होते. शेण आणि आकाशगंगा एका चारोळीत आणण्याची संधी सोडणारा कवी विरळाच.

काही गोष्टी मात्र चार ओळींत मावत नाहीत. रोगजंतूंना दाद न देणारे गिधाड गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधापुढे हरले. औषधाचा अंश असलेले मढे खाल्ल्यावर त्याचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ मध्ये उघड झाले. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली, आणि या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. हा मजकूर अष्टाक्षरीत कोंबण्यापेक्षा कवितेखाली लहान अक्षरांत टीप म्हणून छापणे इष्ट, कारण गिधाडाची कविता पाठ झालेले मूल पुढचा प्रश्न विचारते तो ‘मग आपल्या गावात एकही का दिसत नाही?’ हा, आणि त्याचे उत्तर घरातल्या मोठ्यांना त्या टिपेतूनच वाचून दाखवावे लागते.