टूरिंगची सीट: मऊ नको, नीट हवी

आज बोलूया टूरिंग बाइकच्या सीटबद्दल. दुकानात अंगठ्याने दाबून "वा, काय मऊ आहे" म्हणत सीट घेऊ नका. बसल्यावर आपलं बरंचसं वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं. फोम फार मऊ असला की तो हळूहळू पूर्ण दबतो, हाडांना खालचा कडक बेस लागतो आणि बूड बधिर होतं. म्हणून मी थोडा घट्ट फोम बघतो. आकार मागे रुंद, टाकीकडे निमुळता. रुंदीमुळे वजन पसरतं, निमुळतेपणामुळे पाय जमिनीला पोचतात.

उंची मोजाच. हिमालयन 411 ची मूळ सीट 800 मिमीवर आहे. जाड सीट टाकली आणि पाय टेकेनात, तर घाटातल्या ट्रॅफिकमध्ये सामानाने भरलेली गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. सीटचा उतार पुढे असेल, तर प्रत्येक ब्रेकला आपण टाकीवर घसरतो. जेल उन्हात चांगलंच तापतं, हेही धरून चला.

आणि पैसे देण्याआधी कुणाच्या तरी गाडीवर तीच सीट निदान तासभर चालवून बघा. पाच मिनिटं तर कुठलीही सीट छानच वाटते! भेटू पुढच्या भागात.