लेबल काढलं म्हणून मेल जात नाही

मांडवीत पाऊस लागला की जेटीवर चिटपाखरू नसतं आणि आंबेवाल्या घरांना जरा उसंत मिळते. पेट्या जाऊन झालेल्या, वाशीच्या दलालाकडून विक्रीच्या हिशोबाची शेवटची पट्टी तेवढी यायची बाकी. अशाच एका दुपारी शेजारच्या काकूंनी लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला. "ही डावीकडची यादी बघ रे. माझंच मला सापडत नाही."

त्यांच्या जीमेलमधली यादी खरंच लांबलचक होती. मोजली तर ६३ लेबलं निघाली. 'आंबा', 'आंबे', 'आंबा ऑर्डर', 'हापूस २०२१', 'पट्टी', 'पट्ट्या', 'फळपीक विमा', 'लाईट बिल', 'नवीन', 'नवीन २' आणि एक नुसतंच 'बघणे'. मी म्हटलं, "काकू, यातली निम्मी काढून टाकूया." त्यांनी लगेच माउसवर हात ठेवला. "नको रे बाबा! गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत त्यात. लेबल काढलं की मेल जातील."

ही भीती मी वाडीत इतक्यांदा ऐकली आहे, की एकदा नीट लिहावंसं वाटलं. कारण या भीतीपायी माणसं वर्षानुवर्षं पसारा सांभाळत बसतात, आणि जिथे खरोखर जपायला हवं तिथे मात्र बेधडक बटण दाबतात.

आंब्याची पेटीच घ्या. तिच्यावर बागायतदाराचा मार्का असतो, आत किती डझन ते लिहिलेलं असतं, कोणाकडे जायची त्याची खूण असते. पेटी एक, खुणा तीन. त्यातली एक खूण पुसली म्हणून आतला एकही आंबा कमी होत नाही. जीमेलमधलं लेबल म्हणजे अशी खूण. फोल्डर म्हणजे पेट्यांची थप्पी, आणि पेटी एका वेळी एकाच थप्पीत राहू शकते. एका मेलवर मात्र 'आंबा ऑर्डर', 'पुणे' आणि 'पैसे यायचे' अशी तिन्ही लेबलं एकदम राहू शकतात. मेल तरीही एकच.

काकूंची भीती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही. संगणकावर आधी ज्यांनी फोल्डर वापरले, त्यांना ती सवय लागलेलीच असते. आउटलुकमध्ये फोल्डर डिलीट केला, तर आतले मेलही त्याच्याबरोबर 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जातात. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आलं, तेव्हा इतर सेवा दोन-चार एमबी जागा देत होत्या आणि जीमेलने १ जीबी देऊ केली. तारखेमुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. जागेइतकाच मोठा बदल म्हणजे त्यात फोल्डर नव्हतेच. मेल सगळे एका ठिकाणी ठेवायचे, हवे तेव्हा शोधायचे आणि ओळखायला लेबलं लावायची, अशी ती मांडणी. पुढे 'मूव्ह टू'चं बटण आलं, लेबलाखाली उपलेबल करता येऊ लागलं आणि दिसायला सगळं फोल्डरसारखंच झालं. गोंधळ वाढला तो त्यामुळे.

तेव्हा पहिली वस्तुस्थिती ही : लेबल कायमचं काढून टाकलं, तरी त्याखालचा एकही मेल डिलीट होत नाही. सगळे 'ऑल मेल'मध्ये जागच्या जागी असतात. काकूंना पटावं म्हणून आधी 'बघणे' या लेबलातला एक मेल उघडून त्याचा विषय कागदावर लिहून घेतला. मग यादीत त्या लेबलाशेजारचे तीन ठिपके दाबून 'रिमूव्ह लेबल' केलं. लेबल गेलं. वरच्या शोधपट्टीत कागदावरचे दोन शब्द टाकले, मेल समोर हजर. त्यांनी माउसवरचा हात काढला.

पण 'काढणं' दोन प्रकारचं असतं, हे इथेच सांगायला हवं. मेल उघडल्यावर विषयाशेजारी लेबलाची छोटी चौकट दिसते आणि तिच्या टोकाला फुली असते. ती फुली दाबली तर लेबल फक्त त्या संभाषणावरून निघतं, बाकीच्या मेलवर ते तसंच राहतं. यादीतून 'रिमूव्ह लेबल' केलं तर मात्र ते सगळ्या मेलवरून एका फटक्यात जातं आणि ते परत आणता येत नाही. लेबलांना कचरापेटी नाही. मेल शाबूत, पण कोणते तीनशे मेल त्या खुणेखाली होते ही माहिती गेली. नवीन लेबल करून पुन्हा एकेक शोधत बसावं लागतं. म्हणून दोन सारखी लेबलं एक करायची असतील तर क्रम महत्त्वाचा आहे : आधी नवी खूण लावायची, मगच जुनी पुसायची.

'आंबे' हे लेबल 'आंबा ऑर्डर'मध्ये मिसळताना काय करावं लागतं पाहा. 'आंबे' उघडायचं, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनात टिक करायची. इथे बहुतेक जण फसतात. ती टिक फक्त समोर दिसणाऱ्या पानाला लागते, आणि पानावर साधारणपणे ५० संभाषणंच असतात. टिक केल्यावर यादीच्या वर बारीक अक्षरात एक ओळ येते, त्या लेबलातली सगळी संभाषणं निवडायची का अशी. तिच्यावर क्लिक केलं तरच सगळी निवडली जातात. मग लेबलाच्या चिन्हावर जाऊन 'आंबा ऑर्डर' लावायचं, ते लागलं का हे शेवटच्या जुन्या मेलवर तपासायचं आणि मग 'आंबे' काढायचं. नुसतं नावच चुकलं असेल, तर एवढा खटाटोप नको. तीन ठिपक्यांतून 'एडिट' करून नाव बदललं की त्याखालचे सगळे मेल नव्या नावाखाली दिसतात.

आता खऱ्या धोक्याकडे येतो. "या लेबलातून डिलीट केलं, पण दुसऱ्या लेबलात आहेच की तो मेल," असं पुष्कळांना वाटतं. नाही. कचरापेटीचं चिन्ह दाबलं की मेलच कचऱ्यात जातो, मग त्यावर किती का लेबलं असेनात. पेटी एकच होती, ती उचलून टाकली, तर उरणार काय? ट्रॅशमध्ये ३० दिवस तो राहतो, नंतर कायमचा जातो. हे मी सोसलं आहे. एका वर्षी मला 'लाईट बिल'खाली चुकून आलेली विम्याची पावती तिथून हटवायची होती. ती 'विमा' या लेबलातही होती, म्हणून मी निर्धास्त होतो आणि फुलीऐवजी कचरापेटी दाबली. पावती लागली ती दीड महिन्याने. तोवर ती सगळीकडून गेलेली होती.

अर्काइव्ह केलेला मेल मात्र डिलीट होत नाही. इनबॉक्स हेही मुळात एक लेबलच, आणि अर्काइव्ह करणं म्हणजे तेवढं एक लेबल काढणं. मेल 'ऑल मेल'मध्ये असतो आणि त्याला उत्तर आलं की तो आपोआप पुन्हा इनबॉक्सात दिसतो. फक्त इनबॉक्स, सेंट, ड्राफ्ट्स, स्पॅम, ट्रॅश ही जीमेलची स्वतःची लेबलं आपल्याला डिलीट करता येत नाहीत.

"लेबलं कमी केली की जागा मोकळी होईल" हेही असंच. लेबल काढून जागा वाचत नाही आणि तीन लेबलं लावली म्हणून मेल तीनदा मोजला जात नाही. फुकट मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज मिळून असते. जून २०२१ पासून चढवलेले फोटोही तीत धरले जातात. जागा हवी असेल तर शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, आकाराच्या रकान्यात १० एमबीपेक्षा मोठे असं भरा, नको असलेले जड मेल डिलीट करा आणि ट्रॅशही रिकामं करा.

काकूंनी मध्येच आवाज बारीक करून विचारलं, "मी एकाला 'उधारी' लेबल लावलंय. त्यांना दिसत असेल का रे?" अजिबात नाही. लेबल फक्त आपल्या खात्यात दिसतं. त्याच मेलला उत्तर पाठवलं तरी ते सोबत जात नाही.

'नवीन २' आम्ही काही मेलवरून काढलं होतं, पण तासाभरात आलेल्या ताज्या मेलवर ते पुन्हा चिकटलेलं. कधीतरी मुलाने फिल्टर करून दिला होता, तो आपलं काम इमानेइतबारे करत होता. जुन्या मेलवरची खूण पुसली म्हणून शिक्का मारणारा थांबत नाही. सेटिंग्जमधल्या फिल्टरच्या पानावर जाऊन तो फिल्टर काढला, तेव्हा ते संपलं.

संध्याकाळपर्यंत ६३ ची ११ झाली. शेवटी उरलं 'आंबा २०२०'. ते मी 'आंबा ऑर्डर'मध्ये मिसळायला निघालो, तर काकूंनी पुन्हा माउसवर हात ठेवला, पण या वेळी भीतीने नाही. त्या वर्षी लॉकडाऊनमुळे बाजाराचा भरवसा राहिला नव्हता. कोकणातल्या अनेक बागायतदारांप्रमाणे त्यांनीही पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना पहिल्यांदाच थेट पेट्या पाठवल्या, आणि त्या ऑर्डरी मेलवर घेतल्या. त्यातली कितीतरी घरं अजून दरवर्षी त्यांच्याकडूनच आंबे घेतात. "ही माझी पहिली गिऱ्हाइकं. यांच्यात दुसरं कोणी मिसळू नको."

ते लेबल ठेवलं. तीन ठिपक्यांत ते यादीत न दाखवण्याचीही सोय आहे, 'हाइड' नावाची. लेबल राहतं, मेलवरची खूणही राहते, डावीकडची गर्दी तेवढी कमी होते. मी तसं करू का विचारलं. काकू म्हणाल्या, "नको, दिसू दे. वर घे जरा."

नावाआधी शून्य टाकून मी ते यादीत सगळ्यात वर आणलं.