घर सोडताना

गेल्या वर्षी जूनच्या 2 तारखेला ह्यांच्या बदलीची ऑर्डर आली. शाळा 15 तारखेला सुरू होणार, म्हणजे धावपळ आलीच. त्याच संध्याकाळी वर जाऊन घरमालकांना सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे. मधेच सोडलंत तर ऑक्टोबरपर्यंतचं भाडं डिपॉझिटमधून कापून घेईन."

भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट पंचवीस हजार. म्हणजे जवळजवळ सगळंच गेलं! नव्या गावी घर घ्यायचं ते याच पैशांच्या भरवशावर. रात्री झोप लागली नाही.

शेवटी कपाटातून करारनामा काढला. खरं सांगते मैत्रिणींनो, सही माझीही होती, पण वाचला पहिल्यांदाच! 1 डिसेंबरपासूनचा करार. त्यात पहिले सहा महिने 'लॉक-इन', म्हणजे तेवढ्यात कोणीच मोडायचा नाही. त्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस दिली की दोघांनाही मोकळीक. सहा महिने 31 मेलाच संपले होते! हे कलम नसतं किंवा लॉक-इन अकरा महिन्यांचं असतं, तर काकांचं म्हणणं मोडून काढणं अवघड होतं.

पण नोटीस लेखी हवी होती आणि आम्ही नुसतं तोंडी सांगितलं होतं. हे कळून पत्र द्यायला 12 तारीख उजाडली. त्या दहा दिवसांचं दोन हजारांवर भाडं आमच्या आळसापायी गेलं, काकांना त्यात बोल नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह त्यांची सही घेतली.

ओळखीच्या वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं आपल्याकडे सर्रास समजतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं असेल तर मालकाने सिद्ध करायचं. आमचा नोंदवलेला होता, म्हणून जे काही होतं ते कागदावरच होतं.

करार पुढे ठेवल्यावर काका गप्प झाले. मग रंगाचे चार हजार मागितले. करारात रंगाचा उल्लेख नव्हता. पण धाकट्याने हॉलची भिंत खडूने रंगवली होती, हेही खरंच. दीड हजारावर मिटलं. ह्यांना तेही पटलं नव्हतं, मला पटलं.

12 जुलैला विजेच्या मीटरचं रीडिंग लिहून घेतलं, रिकाम्या खोल्यांचे फोटो काढले. किल्ली देताना चेक हातात घेतला, आणि किल्ली मिळाल्याचं दोन ओळींत लिहूनही घेतलं.

महिनाभर काकू माझ्याशी बोलल्या नव्हत्या. टेम्पो निघताना खाली आल्या. संक्रांतीला मी तिळाचे लाडू दिले होते, तो डबा हातात होता. आत मेतकूट भरलेलं.