पाणी : गुणधर्म व सजीवांतील महत्त्व

पाणी हे हायड्रोजन व ऑक्सिजन या मूलद्रव्यांचे संयुग असून त्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनाचे दोन व ऑक्सिजनाचा एक अणू असतो. हा द्रव इतका परिचित आहे की, रासायनिक दृष्ट्या तो अत्यंत अपवादात्मक आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. त्याच्याशी रचनासाम्य असलेल्या हायड्रोजन सल्फाइडाचा रेणुभार जवळजवळ दुप्पट आहे. तरीही ते सु. −६०° से. ला उकळते व नेहमीच्या तापमानाला वायुरूप असते. पाणी मात्र १००° से. पर्यंत द्रवरूप राहते. याचे कारण रेणूच्या घडणीत आहे. दोन्ही हायड्रोजन अणू ऑक्सिजनाच्या एकाच अंगाला, परस्परांशी १०४·५° चा कोन करून असतात. त्यामुळे एका बाजूस अंशतः ऋण व दुसऱ्या बाजूस अंशतः धन विद्युत् भार राहतो आणि एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनाकडे ओढला जातो. या आकर्षणास हायड्रोजन बंध म्हणतात. सुटा बंध दुबळा व क्षणजीवी असतो. परंतु प्रत्येक रेणू एका वेळी चार शेजाऱ्यांशी जोडला जाऊ शकतो. सजीवांना उपयुक्त ठरलेले पाण्याचे बहुतेक गुणधर्म या बंधांतून उद्‌भवतात. उष्ण व कोरड्या हवामानात त्यांची खरी कसोटी लागते; म्हणून पुढील विवेचनात नागपूर व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील उदाहरणे मुख्यतः घेतली आहेत.

उष्णता व शरीर : एक ग्रॅम पाण्याचे तापमान १° से. ने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. लोखंडाला तिच्या सु. नवव्या हिश्शाइतकी पुरते. प्रौढ माणसाच्या शरीराचा सु. ६० टक्के भाग पाणी असल्याने ते सावकाश तापते. अंबाझरी किंवा गोरेवाडा यांसारख्या तलावांतील जलचरांना दिवसरात्रीच्या तापमानातील मोठा चढउतार जाणवत नाही, तोही याच गुणधर्मामुळे. (थंड प्रदेशातील तळ्यांना आणखी एका गुणधर्माचा आधार असतो. पाण्याची घनता ४° से. ला सर्वाधिक असल्याने बर्फ वर तरंगते व खालचे पाणी द्रव राहते. नागपूरकडे याचा प्रत्यय येण्याचे कारण नाही.)

याहून महत्त्वाची आहे ती बाष्पीभवनाची सुप्त उष्णता. सु. ३०° से. तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सु. ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात तासाला साधारणतः ७० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते; ती बाहेर पडली नाही, तर शरीराचे तापमान तासाला एक अंशाहून अधिक चढेल. त्वचेचे तापमान सु. ३५° से. असते. हवा त्यापेक्षा थंड असेतो उष्णता वहनाने व प्रारणाने निघून जाते. परंतु नागपूरचे मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२° से. च्या आसपास असून ते ४७° से. च्या पुढेही गेल्याची नोंद आहे. अशा वेळी शरीर भोवतालच्या हवेकडून उलट उष्णता घेऊ लागते आणि घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग शिल्लक राहतो. वाळलेला एक लिटर घाम सु. ५८० किलोकॅलरी घेऊन जातो; निथळून पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही.

माठ, वाळ्याच्या ताट्या व आता घरोघरी दिसणारे कूलर यांचे तत्त्व हेच आहे. मे महिन्यात तापमान ४५° से. व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना ओल्या फुग्याचा तापमापक सु. २६° से. दाखवितो, म्हणजे बाष्पीभवनाने हवा तेवढी थंड करता येते. पावसाळा लागताच कूलर निरुपयोगी ठरतात व घामही वाळेनासा होतो. ओल्या फुग्याचे तापमान ३५° से. झाल्यास निरोगी माणसालाही सावलीत स्वस्थ बसून शरीराची उष्णता बाहेर टाकता येत नाही, असे सैद्धांतिक गणित सांगते; प्रत्यक्षात धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. उष्माघातात शरीराचे तापमान ४०° से. च्या पुढे जाऊन मेंदूच्या कार्यात बिघाड होतो व उपचारास विलंब झाल्यास मृत्यू ओढवतो. अहमदाबादेत २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा नागरी आराखडा अंमलात आला. त्या धर्तीवर नागपुरात २०१६ मध्ये असा आराखडा सुरू झाला.

घामाबरोबर मीठही जाते. भर उन्हात काम करणाऱ्या मजुराला तासाला एक लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. ही तूट नुसत्या पाण्याने भरल्यास रक्तातील सोडियमाचे प्रमाण घटते. मीठ व गूळ घातलेले कैरीचे पन्हे किंवा मिठाचे ताक या जुन्या उपायांना म्हणून शास्त्रीय आधार आहे. लहान आतड्यात सोडियम व ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते.

वनस्पती व मृदा : वनस्पतीत पाणी वर चढविणारा पंप नसतो. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प बाहेर पडते, तसे मुळांपर्यंत सलग असलेल्या सूक्ष्म जलस्तंभावर ताण येतो व परस्परांना धरून असलेले रेणू वर खेचले जातात. डिक्सन व जॉली यांनी १८९४ मध्ये मांडलेली ही उपपत्ती आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. ताण फार वाढल्यास स्तंभात हवेचा बुडबुडा शिरून तो तुटतो आणि ती वाहिनी निकामी होते.

मृदेचे कणही पाण्याला असेच धरून ठेवतात. विदर्भाच्या भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असल्याने ती पाणी पुष्कळ साठविते, पण सगळे परत देत नाही. तिच्या वजनाच्या सु. पाचव्या हिश्शाइतके पाणी शिल्लक असतानाही पीक कोमेजू शकते. याच जमिनीत संत्र्याच्या बागायतदारांनी पाण्याच्या अभावाचाच उपयोग करून घेतला आहे. डिसेंबर-जानेवारीत काही आठवडे झाडाचे पाणी तोडतात. यास ताण देणे म्हणतात. झाडाची वाढ थांबते व नंतर पाणी सोडताच ते फुलोऱ्यावर येते. हा आंबिया बहर होय. मे महिन्यात ताण देऊन पावसावर धरतात तो मृग बहर. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस पुरतो, भारी जमिनीत अधिक लागतो. तो अतिरेकी झाल्यास पानगळ होऊन फांद्यांवर सल वाढते. आंबिया बहराची फळे ऐन उन्हाळ्यात पोसावी लागत असल्याने त्यांची सारी भिस्त विहिरी व कूपनलिकांवर असते. अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी या संत्र्यांसाठी प्रसिद्ध तालुक्यांत भूजलाचा अतिउपसा झाला आहे. तेथे उन्हाळ्यात विहीर आटली, तर केवळ एका हंगामाचे पीक नव्हे, अनेक वर्षे जोपासलेली झाडेच हातची जातात.

पृष्ठताण : पृष्ठभागावरील रेणूंना वरून ओढणारे शेजारी नसल्याने तेथे ताणलेल्या पापुद्र्यासारखी स्थिती निर्माण होते. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची अळी या पापुद्र्याला श्वासनलिका टेकवून उलटी लोंबकळते. कूलरची टाकी तिला फार मानवते. पाण्यावर तेलाचा पातळ थर दिल्यास पृष्ठताण घटतो, अळीला आधार राहत नाही व ती गुदमरते. तथापि टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करणे हाच सोपा व खात्रीचा उपाय आहे.

विद्रावकता : ध्रुवीय रेणूंमुळे पाणी असंख्य लवणे, शर्करा व वायू विरघळविते, कोशिकांतील (पेशींतील) सर्व रासायनिक व्यवहार या विद्रावातच चालतात. ऑक्सिजन मात्र त्यात फार थोडा विरघळतो : २०° से. ला लिटरमागे सु. ९ मिग्रॅ. व ३०° से. ला सु. ७·५ मिग्रॅ. सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यात उन्हाळ्यात मासे पहाटे पृष्ठभागी येऊन तोंड उघडझाप करतात, याचे कारण रात्रभरात हा तुटपुंजा साठाही संपत आलेला असतो.

पाणी इष्ट व अनिष्ट असा भेद करीत नाही. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत खडकांतील फ्ल्युओराइड भूजलात उतरले आहे. भारतीय मानकानुसार पेयजलात त्याचे प्रमाण लिटरमागे १ मिग्रॅ. पर्यंत व अन्य स्रोत नसल्यास १·५ मिग्रॅ. पर्यंत चालते. त्याहून अधिक फ्ल्युओराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात व पुढे हाडे आणि सांधे ताठर होतात. असे पाणी दिसायला नितळ असते आणि उकळून किंवा गाळून फ्ल्युओराइड जात नाही. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९५८, सध्याचे नाव १९७४ पासून) यासाठी नालगोंडा पद्धती विकसित केली. तीत पाण्यात चुना व तुरटी घालून ढवळतात. तयार होणारा पुंजकेदार साका फ्ल्युओराइड धरून तळाशी बसतो व वरचे पाणी गाळून घेतात. पद्धत स्वस्त आहे; परंतु तुरटीची मात्रा पाण्यातील फ्ल्युओराइड व क्षारता यांनुसार ठरवावी लागते आणि ती चुकल्यास ॲल्युमिनियम पाण्यात शिल्लक राहते.